छातीवर पुसलेला ब्रेकशू

गॅरेजच्या शेटनं ब्रेकशू उचलला आणि माझ्या छातीवर घासला. वरून खाली. पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा उमटला.

"देख, तेल है अभी. क्या धोया तूने?"

चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस. अर्ध्या दिवसाची सुट्टी आठ दिवस आधी मागून ठेवलेली. कामावरच हातपाय धुऊन, शर्ट घालून मी निघालोच होतो; घरून मुलीला घेऊन महूला जायचं होतं. शर्ट आमच्याच मिलच्या कापडाचा, मिल चालू असताना घेतलेला. बायकोनं नीळ देऊन इस्त्री केलेली. घरी मुलगी नवा फ्रॉक घालून माझी वाट बघत होती.

पंधरा वर्षं लूम चालवला मी. मिल बंद पडली आणि बडा गणपतीच्या पुढं, धार रोडवरच्या या ट्रॅक्टर गॅरेजात लागलो. जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक, क्लच खोलले की तेलानं माखलेला सगळा माल माझ्यापुढं. रॉकेलचं घमेलं, ब्रश, चिंध्या. इंजिनाला हात लावायचा नाही. पाण्याचा ग्लासही माझा वेगळा, खिळ्याला टांगलेला. तीन वर्षं त्यातनंच पाणी प्यायलो.

शेटला म्हणालो, ब्रेकशूवरचं लायनिंग तेल प्यायलंय, ब्रेक धरणार नाही. दोनदा धुतलं, आगीवर तापवलं, तरी आतलं तेल परत वर येतंय. आता नवीनच टाकावं लागेल. पण शेटला तेच पुसून बसवायचं होतं. शेतकऱ्याला मात्र नवीन टाकतोय म्हणून सांगितलेलं.

"आज बड़े सफेद कपड़े? फिकर मत कर. तुम लोगों पे दाग दिखता कहाँ है."

सगळे हसले. मीही हसलो. हो, हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते. शर्ट काढून टांगला आणि परत रॉकेलात हात घातले. महू राहिलं.

घरी मुलीनं शर्टाकडं बघितलं आणि फ्रॉक बदलला. बायको म्हणाली, रॉकेल लावलं की डाग निघेल. मी शर्ट तिच्या हातातनं ओढून घेतला, तिच्यावरच ओरडलो. तिचा बिचारीचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून कामावर गेलो. शेट काही बोलायच्या आत देपालपूरकडचा शेतकरी ट्रॅक्टर न्यायला आला. संध्याकाळी ट्रॉलीत घरची बायकापोरं बसवून लग्नाला जायचं म्हणत होता. त्यानं विचारलं, "भिया, ब्रेक नए डाले ना?" ब्रेक बसवलेला मिस्त्री पाना शोधायला लागला. मी छातीवर बोट ठेवलं.

"ये आपके ही ब्रेक का दाग है. नए नहीं डाले. वही पुराने हैं, तेल पिए हुए."

शेतकरी शेटकडं बघायला लागला. शेटनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. मिलवाला आहे, मिल गेली तेव्हापासून डोकं फिरलंय याचं, म्हणाला. दोघं हसले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गेला. मला तिथल्या तिथं हाकललं.

पुढं त्या ट्रॉलीचं काय झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या गॅरेजात गेलो, जागा नव्हती. तिसऱ्यात शेटचा निरोप माझ्याआधी पोचलेला. मिलच्या गेटला कुलूप तसंच आहे. मिल उघडेल म्हणणारेही आता गप झालेत. घरात मुलगी सोडून कुणी धड बोलत नाही.

शर्ट मी धुतलेला नाही. पुढच्या जयंतीला मुलीचा हात धरून महूला जाणार, तो हाच घालून. कुणी विचारलं तर सगळं सांगणार. कुणी ब्रेकशू पुसला, कसा पुसला, आणि मी हसलो होतो तेही. आता कुणी छातीवर काही पुसायला आला, तर त्याचा हात धरणार.