इमलीचे अल्लीपूरचे आजोबा

माणसांत इतका रमणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि मोठेबाबा ज्या माणसांत रमतात त्यातली निम्मी अमेरिकेत राहतात. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मुक्काम अल्लीपूर. पोथी सोडून त्यांनी आयुष्यात पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी टीव्ही बंद करायला सांगितला, तेव्हा वेळ जावा म्हणून ते मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, फोडणीत लक्ष घालू लागले. तिसऱ्या की चौथ्या भाजीला मोठीआईचा मला फोन आला, "याईले कायमधी तरी गुतव बावा, नाई तं मी माहेरी जातो." तिच्या माहेरी आता कोणीही राहत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग माझ्या मुलीनं त्यांच्या मोबाइलवर एक मराठी बोलतं पुस्तक लावून दिलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, कापूस पिकवणारं एक गाव, आणि त्या गावात वाढणारी एमिली नावाची मुलगी, अशी ती कादंबरी.

मोठेबाबांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी इमली करून टाकलं. मोबाइल शर्टाच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा, अशा थाटात ते शेतात, बँकेत आणि कटिंगच्या दुकानात जाऊ लागले. दाढी होईपर्यंत तिथे एका चर्चचं छप्पर उडालं आणि वर्गणी काढून परत बसवलं गेलं. न्हाव्यानं हातातला वस्तरा थांबवून वर्गणी कोणी बुडवली ते विचारलं. मधे कोणी बोललं तर मोठेबाबा रागावत नसत. ते पुस्तक मागे नेत आणि त्या माणसाला पहिल्यापासून ऐकवत, त्यामुळे लोक बोलेनासे झाले. कथेतली माणसं जेवायला बसली की ताटात काय आहे हे ते नीट ऐकून घेत. "मक्याची भाकर खाऊन राह्यले. आपल्यासारखेच हाय." कथेत एक पाद्रीबाई होत्या, घरोघरी चहाड्या नेणाऱ्या. "हे तं आपल्याच गल्लीतली हाय," असं म्हणून त्यांनी हनुवटीनं समोरचं दार दाखवलं. त्या दारातली बाई रोज पुस्तक ऐकायला येत असल्यानं पाद्रीबाई आल्या की मोठीआई आवाज बारीक करी.

त्यांचा खरा जीव मात्र इमलीच्या आजोबांवर. वऱ्हांड्यात झुलत्या खुर्चीवर बसून नातीला सगळ्या गोष्टींची परवानगी देणारा तो म्हातारा त्यांना सख्ख्या भावासारखा वाटे. काळ्या लोकांना त्या घरात मागच्या दारानं यावं लागतं, हे कळलं तेव्हा मात्र त्यांनी मोबाइल बंद केला. "आजोबानं बोलाले पाह्यजे होतं. घरात मोठा तो हाय." दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतः पुढचं दार उघडून धरलं, तेव्हा कुठे समेट झाला.

आणि माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी, तिकडे कापसाची पेरणी चालू असताना, ते आजोबा वारले.

माझे वडील नाहीत. नारळ द्यायला घरातलं मोठं माणूस म्हणजे मोठेबाबाच. दुपारी पाहुणे आमच्याकडे वर्ध्याला यायचे होते आणि मोठीआईचा फोन आला, "हे आंघोळ करून बसले. सुतक हाय म्हणते."

मी म्हणालो, "मोठेबाबा, ते आपले कोण?"

"कोण म्हंजे? इतके दिवस ऐकलं ना मी त्याले."

मागून मोठीआई ओरडली, "अवो, थे ख्रिश्चन हाय. त्याईच्यात सुतक नसते!"

"त्याईच्यात नसल. आपल्यात हाय."

मुलीनं मेंदीच्या हातानं फोन ओढून घेतला. "मोठे आजोबा, पुढचा भाग लावा. माझ्यासाठी." पलीकडे मोठीआईनं बटण दाबलं. निवेदिका शांतपणे वाचू लागली, की त्या शरदात कापूस फुटून शेतं पांढरी झाली होती आणि वेचणीला माणसं मिळत नव्हती.

मग मोठेबाबा म्हणाले, "म्हंजे चार-पाच महिने झाले. फिटलं सुतक. गाडी पाठव." ते आले, नारळ दिला, व्याह्यांना मिठी मारली. पेढ्याला मात्र हात लावला नाही.

लग्न झालं. मुलगी बंगळूरला गेली. पुढच्या रविवारी मी अल्लीपूरला गेलो, तर मोठेबाबा ओसरीवर नुसतेच बसलेले, मोबाइल बाजूला पडलेला.

"संपलं का पुस्तक?"

"नाई. इमली पेटी भरून राह्यली. शहरात चालली थे." त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तू असं कर, थे लहानी असतानीचं लावून दे."

मी अगदी सुरुवातीचा भाग शोधून लावला. इमली सहा वर्षांची होती. दिवेलागण झाली होती, आजोबा वऱ्हांड्यातून तिला जेवायला हाका मारत होते आणि ती काही येत नव्हती. आतून मोठीआईनंही आम्हाला पानं वाढल्याची हाक दिली. मोठेबाबा उठले नाहीत.

"खेळू दे ना तिले," ते मोबाइलला म्हणाले. "काऊन घाई करता?"