शनिवारचा पांढरा गणवेश

आमच्या पी.टी.च्या बाईंना माइक लागत नसे. खारघरच्या शाळेच्या मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं, की समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा क्षणभर ताठ व्हायची.

शनिवारी कवायत, आणि कवायतीला पांढरा गणवेश. वयात येणाऱ्या मुलींना पांढऱ्या सलवारीत वाकायला लावायचं, हे कुठल्या पुरुषाला सुचलं ते मला आजही जाणून घ्यायचंय. ओवे गावातून येणाऱ्या आम्ही मुली पाळीच्या शनिवारी दांडीच मारायचो. आई म्हणायची, "घरीच ऱ्हा. एक दिस नाय गेलीस तं काय होतंय?"

पण पाळी दर वेळी सांगून थोडीच येते. त्यावर बाईंनी स्वतःचा इलाज काढला होता. एखाद्या मुलीच्या कपड्यावर डाग दिसला, की त्या तिच्याजवळ जायच्या नाहीत. मुलांच्या रांगांना ऑर्डर द्यायच्या, "पीछे मुड." मुलं पाठमोरी झाली, की तिला डोळ्यांनी "जा" म्हणायच्या आणि ती इमारतीत पोचेपर्यंत मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं ठेवायच्या. तिथे खेळाच्या सामानाच्या कपाटात काळ्या ट्रॅकपँट घडी करून ठेवलेल्या असत. त्याही बाईंनीच आणलेल्या.

मुलं काय बावळट असतात? त्यांना लवकरच कळलं. मी आठवीत असताना एका शनिवारी मध्येच "पीछे मुड" आलं आणि भिंतीकडच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आज कोणाची विकेट?" सगळी रांग खिदळली. विकेट माझी होती.

कपाटापाशी मी रडत म्हटलं, "बाई, तुमच्या ऑर्डरमुळेच सगळ्यांना कळतं. पांढरंच बंद करायला सांगा ना."

"ते मोठे सर ठरवतात."

"मग त्यांना सांगा."

"असलं सरांना कसं सांगायचं गं? पुरुष माणूस."

अख्खी शाळा एका शब्दात वळवणारी ही बाई. डोकं फिरायचं माझं.

नववीत मीच त्यांना ओढत मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नेलं. बाई दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मुलींना पांढरा जरा... धुवायला त्रास होतो."

"नीळ वापरा म्हणावं," सर म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

मला राहवेना. "सर, पाळी येते. डाग पडतो."

सरांनी एक फाईल उघडली. बाई पंख्याकडे बघत राहिल्या. "बघू," सर म्हणाले. त्यांनी कधीच बघितलं नाही.

बाहेर आल्यावर वाटलं, आता बाई ओरडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज बरा आहे तुझा."

पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. चारचौघांत बोलताना चाचरत नाही. त्याचं श्रेय बाईंना द्यावं की त्यांच्या गप्प बसण्याला, ते मात्र अजून ठरत नाही.

मागच्या महिन्यात बाई पनवेलच्या भाजी मार्केटात भेटल्या. रिटायर झाल्यात. माझी भाची आता त्याच शाळेत सातवीत आहे, शनिवारी पांढऱ्यातच जाते, असं मी सांगितलं. मेथीची जुडी उलटसुलट करत त्या म्हणाल्या, "मीही शनिवारी पांढऱ्यातच असायचे गं. बाईंचं काय होत असेल, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

नव्हतं वाटलं. पण त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. "मग तर तुम्हीच बोलायला हवं होतं, बाई."

"हवं होतं," त्या म्हणाल्या.

"मग आता चला. नव्या मुख्याध्यापकांना दोघी मिळून भेटू."

"मी येऊन काय करू? मी आता तिथली कोणी नाही."

तिथल्या होत्या, म्हणून बोलता आलं नाही. आता तिथल्या नाहीत, म्हणून येता येत नाही. सोमवारी मी एकटीच जाणार आहे.