फ्लॅश मारू की नको?

लग्नाचे फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. त्यांना ना अल्बम लागतो, ना पेनड्राइव्ह. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या स्टुडिओत चहा आला की आपोआप बाहेर पडतात!

आमच्याकडे म्हणजे मी आणि विलासदादा. दादा माझ्याहून बरेच मोठे आणि फ्लॅशचे कट्टर भक्त. मला खोलीत आहे तोच उजेड आवडतो. या एका मुद्द्यावर आमची भागीदारी रोज मोडते आणि रोज जुळते.

*

सातपूरच्या एका हॉलमधलं लग्न. नवरीच्या वडिलांनी हौसेनं झुंबरं, माळा, रंगीत लाइट, सगळं केलेलं. दादांनी फ्लॅश पूर्ण ताकदीनं समोरूनच हाणला. चेहरे लख्ख, मागं मिट्ट काळोख!

अल्बम चाळून वडील हळूच म्हणाले, "दादा, हे लाइट गेल्यावर काढले का?"

*

मग मी म्हटलं, आता माझं ऐका. नाशिक रोडला एका फ्लॅटमध्ये हळद होती. फ्लॅश बंदच ठेवला. खोलीत जुने पिवळे बल्ब, आणि गडबडीत कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग बदलायचं राहिलं. घरदार पिवळंधमक!

नवरीची आत्या म्हणाली, "अगं, हळद फक्त नवरीला होती. तू तर अख्ख्या सोसायटीला लावलीस!"

दादा पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला हे सांगत होते. दुधवाल्यालासुद्धा!

*

तडजोड म्हणून दादा फ्लॅशचं तोंड वर करायला लागले. उजेड छतावर आपटून खाली येतो, मऊ पडतो. झकास! फक्त छत पांढरं हवं.

दिंडोरीकडच्या एका घरी साखरपुडा होता. नवीन रंग दिलेला, छतासकट पोपटी!

फोटो न्यायला नवरदेवाचे मामा आले. एकेक फोटो निरखून म्हणाले, "ताई, पाव्हणे असे हिरवे का पडल्यात? जेवन तर चांगलं व्हतं!"

*

पुढची शक्कल माझी. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे मागच्या दिव्यांच्या माळा दिसतात. फ्लॅश हलकासा मारायचा, म्हणजे चेहरे दिसतात. अट एकच, कुणी हलायचं नाही.

ग्रुप फोटोत नेमके नवरदेवाचे नाना जिलेबीकडे निघाले! फोटोत नाना धूसर आणि त्यांच्या आरपार सोफा.

सूनबाई घाबरून फोनवर म्हणाल्या, "अहो, आमचे नाना अजून आहेत!"

मागून नानांचाच आवाज आला, "राहू दे गं! डॉक्टर बारीक व्हा म्हणत होते. झालो!"

*

इंदिरानगरला एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. फ्लॅश उडाला की आजींचे डोळे मिटायचेच. स्वतःच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत एकाही फोटोत डोळे उघडे नाहीत.

मुलगी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "एक तरी चांगला काढा हो. आई बोलत नाही, पण अल्बम काढला की उठून आत जाते."

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. दोघांना खिडकीजवळ बसवलं. खिडकीच्या उजेडाचा अंदाज मी घेतला. दादांनी फ्लॅश आमच्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला आणि अगदी मंद केला.

"आजी, इकडे बघा."

क्लिक!

आजींचे डोळे टक्क उघडे! काय टपोरे डोळे होते! मुलीला तर रडूच फुटलं.

तेवढ्यात दादांनी मला कोपरानं ढोसलं. शेजारी आजोबांचे डोळे गच्च मिटलेले.

"एक अजून घेऊ," दादा घाईनं म्हणाले.

आजींनी चष्मा लावला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. मग एकदा आजोबांकडे पाहिलं.

"नको. हाच मोठा करून द्या," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी मिटून घेतले. आता जरा त्यांना मिटू दे!"