सरांसाठी ऐकताना

रविवारी दुपार कलली की आम्ही सरांच्या माडीवर जमायचो. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मला त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण त्या गल्लीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कोणी हाक मारत नाही, मग मीही मारली नाही. खोलीत दोन मोठे लाकडी स्पीकर, एक जुना कॅसेट डेक आणि भिंतभर कॅसेटी. कुणाच्या घरगुती बैठकीत टेपवर उतरवून घेतलेलं गाणं, कुणी रेडिओवरून टिपलेलं. मधेच खोकला यायचा, मधेच कुठल्यातरी दूरच्या गावातलं कुत्रं भुंकायचं. गाणारा माणूस केव्हाच जग सोडून गेलेला असायचा, आणि त्याच्यामागे ते कुत्रं मात्र अजून ताजं.

खिडकीतून येणारं ऊन तक्क्यांवर पसरलेलं असायचं. रविवारचं मटण जेवून आलेली माणसं, त्यामुळे आलाप सुरू झाला की डोळे मिटायचे. ऐकता ऐकता मिटले की झोपेनं, हे आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं. सरांना दोन्ही चालायचं. ते म्हणायचे, "झोपेत ऐकलेलं जास्त खोल जातं."

एकच नियम होता. गाणं संपल्यावर रागाचं व्याकरण काढायचं नाही, घराण्यावरून वाद घालायचा नाही. काय दिसलं, काय वाटलं, तेवढं सांगायचं.

नेमानं येणारे आम्ही तिघं. विमा कंपनीत नोकरी करणारी मी. मूळच्या मुरगूडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांचे वडील बुद्धजयंतीला गावात पेटी वाजवायचे, त्यामुळे सुरांची ओळख त्यांना घरातूनच होती. आणि तिसरे कबनूरचे यंत्रमागवाले. सर त्यांना पहिल्या दिवशी "या पावणं" म्हणाले आणि ते आमचे कायमचे पावणंच झाले. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचा आवाज भलता मोठा. ते कुजबुजले तरी खालच्या दुकानात ऐकू जायचं. गाण्यात मधेच "व्वा, काय पकडलं बगा!" असं ओरडले की सिस्टर ओठांवर बोट ठेवायच्या आणि ते तोंडावर हात धरून लहान मुलासारखे खाली बघायचे.

एकदा मुलतानी राग ऐकला होता. मग पावणं म्हणाले, "मला काय वाटलं सांगू? भर दुपारी कारखान्यात लाईट जाती. समदं माग एकदम बंद. तवा कानात जी शांतता येती न्हवं, तसलं वाटलं. लई थोडा वेळ टिकती ती. लाईट येऊ नये असं वाटतंय, आन् धंदा तर बुडतोय."

सिस्टरांना वॉर्ड दिसला होता. पडदे ओढलेले, सगळे पेशंट दुपारचे झोपलेत, आणि कुणीतरी एक जण छताकडे बघत जागा आहे. मला नेसरीच्या वाटेवरची एसटी दिसली होती, बाहेर गुऱ्हाळाचा धूर आणि डोक्याला लागणारी खिडकीची गार सळई. सर ऐकत राहिले. ते स्वतः कधीच काही सांगायचे नाहीत. आमचं सांगणं झालं की मान हलवून म्हणायचे, "म्हणजे चार जणांनी चार गाणी ऐकली."

असंच सुखात चाललेलं असताना एका रविवारी सरांनी नवी कॅसेट लावली. गाणं संपलं आणि त्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली. "बाकी सगळं छान, पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं तानपुरे घेतलेच नाहीत बघा. स्वर उघडा पडलाय."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तानपुरे चांगले भरदार होते. त्यांच्या झंकारात मी सगळा वेळ तरंगत होते. त्या दिवशी कुणी काय दिसलं ते नीट सांगितलं नाही.

जिना उतरताना काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सिस्टरांना थांबवलं. म्हणाल्या, "कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही यांना. मी बोलले तर म्हणतात, तूच हळू बोलतेस."

सिस्टरच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नस सुकत चालली होती. यंत्र मिळालं. यंत्रानं बोलणं कळायचं, पण गाणं लावलं की सर कपाळाला आठ्या घालायचे. "पत्र्यावर खडी ओतल्यासारखं येतंय," ते मला म्हणाले. म्हणताना हसले. मग डेकवर टॉवेल टाकला आणि रविवार बंद झाले.

त्या रिकाम्या रविवारी मी घरी एकटीच ऐकायचे. फोनवर हवं ते सापडतं, आवाजही स्वच्छ. पण गाणं संपलं की सांगायला समोर कोणी नसायचं, आणि न सांगितलेलं गाणं संध्याकाळपर्यंत पुसटून जायचं, पहाटेच्या स्वप्नासारखं.

शेवटी एका दुपारी पावणं मला आणि सिस्टरांना बरोबर घेऊन थेट माडीवर चढले. सर खिडकीशी बसले होते, समोर ते मुके स्पीकर. पावण्यांनी टॉवेल ओढून बाजूला टाकला. "सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजानं कपाटाची काच थरथरली, "तुमी ऐकू नका. आमी ऐकतो आन् तुमाला सांगतो. झालं?"

सरांनी वर पाहिलं. "हे मला यंत्राशिवाय ऐकू आलं," ते म्हणाले.

तेव्हापासून पावण्यांना कोणी गप्प केलं नाही. उलट मी आणि सिस्टर हळू आवाजात सांगायचो आणि पावणं ते मोठ्यानं सरांपर्यंत पोचवायचे. त्यांच्या तोंडून जाताना आमच्या वाक्यांचं रूप बदलायचं. मी म्हटलं, निषाद थरथरतोय, की ते ओरडायचे, "सर, वरचा नी उंबऱ्यावर उभाय! आत यिना झालाय!" सर डोळे मिटून घ्यायचे. कधी प्रश्न विचारायचे. "मध्यमावर थांबला?" "थांबला की! लई थांबला! मला वाटलं आता तितंच ऱ्हातोय!"

आधी आम्ही आपल्याला काय वाटलं ते सांगायचो. आता जे सांगू तेवढंच एका माणसाला मिळणार होतं. त्यामुळे ऐकण्याची तऱ्हाच पालटली. एखादी मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकली की मी शब्द शोधत तिच्या मागून जायचे आणि शब्द सापडेपर्यंत ती विरून गेलेली असायची. कधीकधी वाटायचं, आपण पाण्यातला चंद्र ओंजळीत धरून कुणाकडे तरी नेतोय.

मग तो रविवार आला. सरांनी स्वतः उठून एक कॅसेट काढली. मारवा होता. तरुणपणी त्यांनी तो इतक्यांदा ऐकला होता की फीत झिजली होती. "आज सांगू नका," ते म्हणाले. यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवलं.

गाणं सुरू झालं. ऊन तक्क्यांवरून उतरून जमिनीवर आलं होतं. सरांचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. आधी तो अगदी गाण्याबरोबर होता. मग मला कळलं की तो मागे पडतोय. टेपमधला गवई समेवर यायचा आणि सरांची सम थोडी उशिरा यायची, पुढच्या आवर्तनात आणखी उशिरा. त्यांच्या आतला गवई जास्त सावकाश गात होता. आम्ही तिघं एक गाणं ऐकत होतो आणि शेजारी दुसरं चाललं होतं, त्याचा फक्त हात दिसत होता.

टेप संपली. डेकची कळ खट्कन उचलली गेली. सरांचा हात चालूच होता.

कोणी हललं नाही. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. पावण्यांनी श्वासही दाबून धरलेला. खोलीत उजेड तांबूस झाला. खाली गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, ते लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखं वाटत होतं. आणि हळूहळू मलाही ते गाणं आठवू लागलं, आत्ताच ऐकलेलं, पण आता सरांच्या हाताच्या चालीनं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांची बोटं उलगडली आणि उघडा तळवा वर वळला.

त्यांनी डोळे उघडले. डोळे ओले होते, पण चेहरा आनंदी. "काय संपवलंन बघा," ते म्हणाले.

"व्हय सर!" पावणं ओरडले.

काकूंनी ट्रे टेकवला. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यायलो. उठताना सिस्टरांनी सरांच्या कानाशी वाकून विचारलं, पुढच्या खेपेला काय लावायचं.

"तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "फक्त आदल्या दिवशी कळवा. मला आधी एकदा ऐकून ठेवायला लागेल."