नाल नसलेली शबनम

घोड्याजवळ चार माणसं उभी राहिली की लीद आणि गोष्टी दोन्ही साचतात. लीद रोज उचलली जाते, गोष्टींचं मात्र कुणी काही करत नाही. हर्सूलच्या पुढं रफिकभाईंचा तबेला होता, तेव्हा आम्ही दोघं सकाळी तिथं घोड्यावर बसायला जायचो. एक मी, औषधाच्या दुकानातली बाई, आणि दुसरे पेन्शनीत निघालेले कुलकर्णीकाका. बसणं कमी, गप्पा जास्त!

त्या वर्षांत पाऊस ओळीनं दगा देत होता. तलावाचा तळ उघडा पडला, जमीन विटेसारखी कडक झाली आणि रफिकभाईंच्या शबनम घोडीचे खूर तडकले. नालेचा खिळा धरेना. डॉक्टर म्हणाले, "नाल काढा. अनवाणी राहू द्या, खूर आपोआप भरेल. रस्त्यावर नेताना रबरी बूट घाला." बूट मी पुण्याहून मागवले. शबनम वरातीत चालायची, त्यावर तिचा चारा यायचा. ती चालली नाही तर विकायची, असं रफिकभाईंच्या घरात ठरलंच होतं. मेव्हण्यानं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

*

खुराला ओल हवी, आणि पाणी तर टँकरचं. "माणसाला प्यायला नाय अन् ह्यो घोडीचे पाय धुतो," असं आजूबाजूचे तोंडावर बोलायचे. दुसऱ्या दिवशीपासून रफिकभाई तबेल्यातच, शबनमच्या पुढच्या पायांशी बसून आंघोळ करायला लागले.

कुलकर्णीकाकांनी विचारलं, "रफिक, आंघोळ तुझी चाललीय की तिची?"

"दोघांची, काका. साबण सोडला मी. खुराला चालत नाय."

 

*

रफिकभाईंच्या गल्लीत एक म्हातारी होती, कौसरखाला. डोळ्यांनी दिसत नव्हतं. शबनम सकाळी टाप टाप करत गेली की खाला चहा ठेवायला सांगायची. बूट आले आणि टापा बंद झाल्या. घोडी दारावरून जायची, खालाला पत्ता नाही.

एक दिवस तिनं रफिकभाईंच्या बायकोला बोलावून घेतलं आणि रडायला लागली. "बेच डाले ना? मेरेकू बोले भी नै."

रफिकभाई तसेच घोडी घेऊन तिच्या दारात गेले. खालानं मान चाचपली, कान चाचपले, मग पायाशी वाकून बूट चाचपला आणि म्हणाली, "हौ गे माँ, जूते पहनके घूमती! अब तो सलाम करना पडेगा इसकू!"

मग रफिकभाईंनी शबनमच्या गळ्यात घुंगरू बांधले. खालाचा चहा पुन्हा वेळेवर व्हायला लागला.

*

बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयातली गोष्ट. कुलकर्णीकाका त्या वऱ्हाडात होते. वरात पोचली, नवरदेव उतरला. खुरांना वारा लागावा म्हणून रफिकभाईंनी शबनमचे बूट काढून बाजूला ठेवले आणि तिला आवारात सावलीला बांधलं. परत येऊन बघतात तर बूट गायब. बाहेर नव्या रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडं खडी अंथरलेली. त्यावरून अनवाणी नेली असती तर महिन्यांची मेहनत मातीत गेली असती.

शेवटी कळलं, नवरीच्या बहिणींनी जोडे पळवले होते. नवरदेवाचे नाही, घोडीचे! धाकटी बूट छातीशी धरून आली. काकांनी विचारलं, "अगं, नवरदेवाचे सोडून हे कशाला?"

"जिजूंच्यापेक्षा हेच भारी दिसत होते."

नवरदेव शेजारीच उभा होता. तो आपल्या पायांकडं बघत राहिला.

*

नाल काढल्यापासून रफिकभाई शबनमला घेऊन कब्रस्तानाच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. लांबचा वळसा घ्यायचे. विचारलं की म्हणायचे, "तिकडं ट्राफिक लई." त्या रस्त्याला एखादी म्हैस भेटली तर भेटली. आम्ही चेष्टा करायचो.

मग तबेल्याची जागा मालकानं प्लॉटिंगला दिली. शहर आमच्या अंगावर येत होतंच, आता दारात आलं. शबनमला मात्र विकावं लागलं नाही. कन्नडकडं रफिकभाईंच्या बहिणीची विहिरीला पाणी असलेली शेती होती, तिथं ती जाणार होती. खूर तोवर एकसंध भरून आले होते. निघायच्या सकाळी टेम्पो मोठ्या रस्त्यावर उभा होता, आणि मी सोबत चालत होते. मला फार वाईट वाटत होतं, म्हणून मी उगाच बडबडत होते.

रफिकभाई कब्रस्तानाच्या रस्त्याला वळले. मी विचारलं, "आज ट्राफिक नाही?"

"अब्बा हितं हायेत, ताई," ते म्हणाले. "नालबंद होते. टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकण्यात हयात गेली त्यांची. बिननालेचं जनावर दाराबाहेर काढलं तर जेवायचे नाय दिवसभर."

फाटकाशी त्यांनी चपला काढल्या. मग खाली बसून शबनमचे चारही बूट सोडले आणि चपलांशेजारी ओळीनं ठेवले. बुटक्या भिंतीपलीकडं लिंबाखाली एक कबर होती. भिंतीच्या अलीकडून तिथवर त्यांनी घोडीला नेलं, तिचा पुढचा पाय उचलला आणि खुराचा तळ भिंतीकडं करून धरला.

"अब्बा," ते म्हणाले, "हात फिराके देखो."