काकूंनी नाव घेतलं नाही

गिरणीत दळणासाठी थांबलो होतो. पुढे उभ्या शेजारच्या काकूंचा फोन वाजला. घरघरीत ऐकू येईना, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस घाई करत होता: खातं आज बंद होईल, आधी मिस्टरांचं नाव सांगा, मग आलेला ओटीपी.

"यांचं नाव मी नणंदेनं दार अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोण लागून गेलात?" आणि फोन ठेवला.

नाव, जन्मतारीख, आईचं माहेर. हे मागणाऱ्यानं निदान समोर येऊन तोंड दाखवावं. घाई करणाऱ्याला तर काहीच देऊ नये.

फोन पुन्हा वाजला. काकूंनी तो डब्याच्या झाकणावर ठेवला.

"वाजू दे. खातं माझं आहे. बंद करायचं तर मी जाऊन करीन."