पूर्वेचा बुरूज

माझ्या जिभेने आजवर बरीच भांडणं लावली, पण बुरूज पोखरला तो एकच.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी कोल्हारपासून दोन कोसांवरच्या गावी इतिहास शिकवत होतो. गावाच्या टोकाला निजामशाहीतली गढी होती. चार बुरूज, बाहेरून काळा घडीव दगड, पोटात पांढरी माती. पुढे जहागिरी मिळालेल्या कुणा पूर्वजाने लढाया सोडून संसार मांडला आणि पूर्वेच्या बुरुजाला पाठ टेकवून दुमजली घर बांधलं. बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्यांचे कोनाडे झाले. जिथून शत्रूवर गोळी सुटायची, तिथे लोणच्याच्या बरण्या बसल्या. त्या घरात शेवटचे वारस एकटेच राहत. साठीचे, अतिशय सभ्य. गाव त्यांना सरकार म्हणे.

दर उन्हाळ्यात लोक आपल्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, गढीच्या पांढऱ्या मातीचा थर देत. ही माती पडक्या तटातली. रिवाज असा, की पाटी घेऊन आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि पहिली कुदळ सरकारांनी स्वतः मारायची.

त्या वर्षी मुलांना गढी दाखवायला नेलं. मागे अर्धं गाव जमलेलं पाहून मला चेव आला. पूर्वेच्या बुरुजावर हात ठेवून, आवाज खर्जात नेऊन मी सांगितलं, की तटाची माती काहीच नव्हे. खरी माती ह्याच्या पोटात, हिच्यातून आजवर थेंब झिरपलेला नाही. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. वाक्य जमत होतं, म्हणून जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाट्या घेऊन पूर्वेच्या बुरुजापाशी हजर. सरकार आले, हसले, प्रत्येक घरासाठी एकेक कुदळ मारत गेले.

आठवड्यात बुरुजाच्या पोटात बैलगाडी वळेल एवढी पोकळी झाली. घराच्या भिंतीला बोटभर भेग गेली आणि बरण्या एका अंगाला कलल्या. मी धावत जाऊन हातापाया पडलो.

"सरकार, आता तरी नाही म्हणा. घर टेकलंय त्याला."

"ठाऊक आहे मास्तर. त्याच भिंतीशी निजतो आम्ही." ते भेगेवरून बोट फिरवत होते. "पण आजोबांनी कधी नाही म्हटलं नाही. आम्ही कुणाच्या तोंडानं म्हणायचं?"

मग मी पारावर उभा राहून कबूल केलं, की मी थाप मारली. आयुष्यातलं माझं सर्वांत खरं भाषण ते. लोक पोट धरून हसले. सरकारांनी मास्तरला फितवलंय, असं ठरलं.

घरी आलो तर घरमालकीण दारातच पाटी घेऊन उभी. भाडेकऱ्यानं छपराची माती आणायची, हे खोली घेतानाच ठरलेलं.

"समद्यांची धाबी झाली. आपलंच उघडं ठिवायचं व्हय?" ती म्हणाली. "आन् बुरजाचीच आना. तुमीच सांगितलंत की."

मी तटाची माती चोरून आणायचा विचार केला. पण तीच सोबत निघाली.

सरकारांनी मला पाटीसकट पाहिलं. धोतर सावरलं, कुदळ उचलली आणि माझ्या नावाचा घाव इतरांपेक्षा जरा जपून घातला.

पावसाळ्याआधी त्यांनी अंथरूण घोड्यांच्या जुन्या पागेत हलवलं. माझी खोली मात्र पुढे कधी गळली नाही.